अर्जातलं मरण

महामायाची बारावी झाली त्या साली उंद्रीत चघळायला दोनच विषय होते. एक बोंडअळी आणि दुसरा गुलाबरावांची पोरगी. अळीनं अख्ख्या शिवाराचा कापूस आतून पोखरला होता, पण गावाला जास्त काळजी पोरीची होती. पोरीचा गुन्हा एवढाच की तिला गेम बनवायला शिकायचं होतं. खेळायला नाही हो, बनवायला. खेळणाऱ्यांची गावात काही कमी नव्हती. सकाळपासून पारावर बसून पोरं मोबाईलमध्ये एकमेकांना गोळ्या घालत आणि त्यांच्या आया त्यांना तिथंच चहा नेऊन देत. पण पोरीच्या जातीनं पुण्याच्या कॉलेजात जाऊन ते शिकायचं म्हटल्यावर लोकांच्या पोटात गोळा आला. हे शिकून नोकरी कोण देते, असं गाव विचारू लागलं. ज्यांना जन्मात कोणी नोकरी दिली नव्हती तेच सगळ्यात मोठ्यानं विचारत.

गुलाबरावांनी सरळ अट घातली होती. एक खेप देतो, एकच. पुण्याच्या संस्थेनं घेतलं तर जा, नाही घेतलं तर चिखलीला बी.ए. कर, आणि देऊळगावराजाकडचं जे स्थळ आलंय, जिल्हा परिषदेत चिकटलेलं, त्याला नाही म्हणायचं नाही. महामायानं हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? स्थळाचा फोटो तिनं पाहिला होता. त्यात मुलापेक्षा मोटारसायकल जास्त दिसत होती.

तिच्याजवळ दाखवायला एक गेम होता, स्वतः केलेला. चुलतभावाचा टाकून दिलेला लॅपटॉप, तोही वायर लावल्याशिवाय न चालणारा, त्यावर तिनं मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून तो केला. गेमचं नाव ‘तिसरं वर्ष’. खेळणाऱ्याला तीन एकर रान मिळतं, बीटी कपाशीची एक मोठी थैली मिळते आणि तिच्यासोबत एक लहान पुडी मिळते. खऱ्या थैलीतही ती पुडी येत असे. त्यात साध्या कपाशीचं बी असतं आणि ते वावराच्या कडेनं पेरायचं असतं. अळीला थोडी साधी कपाशी खायला मिळाली की ती बीटीच्या विषाला लवकर सोकावत नाही, असं शास्त्र. पुडीवर तसं लिहिलेलंही असायचं. पण कोण वाचतो? कोणी पुडी बांधावर फेकायचा, कोणी त्या बियांनी नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायचा. कड फुकट घालवायला वावर काय सरकारचं आहे? गेममध्ये ज्यानं पुडी फेकली त्याला पहिली दोन वर्षं रग्गड कापूस होतो. तिसऱ्या वर्षी बोंडं बाहेरून टवटवीत दिसतात, आणि फोडली की आत अळी असते.

अकरावीच्या दिवाळीत तिनं मोठ्या हौसेनं हा गेम वडिलांना दाखवला. गुलाबराव तिसऱ्या वर्षापर्यंत खेळले, हरले आणि लॅपटॉप असा आपटून बंद केला की त्याची एक बिजागरी कायमची गेली. मले शेती शिकवू नको, एवढंच म्हणाले. पुढच्या हंगामात खरी अळी आली. गुलाबरावांनी बियाण्याच्या कंपनीला शिव्या दिल्या, दुकानदाराला दिल्या, शेजारच्या वावरवाल्याला दिल्या, ढगाळ हवेलाही सोडलं नाही. पुडीचं नाव मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही. महामायाही बोलली नाही. बापाच्या जखमेवर मीठ चोळायला ती काही शत्रू नव्हती, पण मनात सल होता, आणि तो राहिला.

अशा वेळी घरात प्रसेनजितचा प्रवेश झाला. प्रसेनजित म्हणजे लॅपटॉपवाला तोच चुलतभाऊ. बुलडाण्यात एका मोबाईलच्या दुकानावर त्यानं करिअर मार्गदर्शनाचा क्लास काढला होता. स्वतः चार ठिकाणी इंटरव्ह्यूत नापास झालेला, म्हणजे माणूस अनुभवी. त्यानं गेम पाहिला का? नाही. त्यानं अर्ज पाहिला. अर्जात एक निबंध मागितला होता, मला हा कोर्स का करायचा आहे. महामायानं दोन पानं लिहिली होती, पुडीबद्दल, अळीबद्दल, आणि हरणाऱ्याला आपण का हरलो हे लगेच कळू नये असा गेम का केला त्याबद्दल. प्रसेनजितनं ती वाचली आणि एखादा डॉक्टर रिपोर्ट पाहून हळहळतो तसा हळहळला.

त्याचा सिद्धांत असा. पुण्याच्या लोकांनी कपाशी पाहिलेली नसते, त्यांनी पाहिलेला असतो पेपरातला शेतकरी. आणि पेपरातला शेतकरी कधी जिवंत असतो का? जिवंत शेतकऱ्याची बातमी कोणी छापते का? तेव्हा निबंधात बाप जिवंत राहिला तर पोरगी मेली. बाप गेला तर सीट पक्की. एवढं बोलून त्यानं चहाचा घोट घेतला. ज्याच्या मरणाचा ठराव मांडला होता तो बाप समोरच पोहे खात बसला होता.

गुलाबराव उठून पोराच्या कानाखाली काढतील असं महामायाला वाटलं. त्यांनी पोहे संपवले, ताटली खाली ठेवली आणि अगदी व्यवहाराचं विचारलं.

“कोणत्या महिन्यात मारतं मले? बोंडअळीच्या पंचनाम्यावर माही सही हाय. त्याच्या आंधी मारू नको, लफडं होईन.”

झालं. मग दोघांनी मिळून कॅलेंडर काढलं आणि गुलाबरावांना सव्वीस जानेवारीच्या पुढच्या आठवड्यात मारायचं ठरलं. प्रसेनजितनं निबंध नव्यानं टाईप केला. त्यात एक वाक्य होतं, ‘माझ्या वडिलांनी पांढऱ्या सोन्यासाठी काळ्या मातीला कवटाळले आणि मातीनेच त्यांना पोटात घेतले.’ हे वाक्य त्यानं तीनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं.

महामाया नको म्हणाली. गेम चांगला आहे तर त्याच्यावरच जाऊ द्या ना, असं दोनदा म्हणाली. पण अर्जाचा शेवटचा दिवस होता, वेबसाईट सारखी अडकत होती, प्रसेनजितदादा घड्याळ दाखवत होता आणि बाप म्हणत होता, दाब वं, माह्यं काय जाते. शेवटी बटण तिनंच दाबलं. त्याचा दोष ती पुढं कोणावर ढकलू शकली नाही. खरं सांगायचं तर तिला ती सीट हवी होती, आणि हवी म्हणजे इतकी हवी होती की त्या घडीला तिनं डोळे मिटून घेतले.

जनकाबाईला हे सगळं सगळ्यात शेवटी कळलं, तेही शेजारणीकडून. ती विळ्यावर भाजी चिरत होती. तिनं विळा आडवा केला आणि नवऱ्याला, पुतण्याला आणि पोरीला एका रांगेत उभं केलं.

“तुम्ही मेले, यानं मारलं, हिनं बटण दाबलं. माह्या कपाळाचं कोणी इचारलं का?”

प्रसेनजित म्हणाला, काकू, हे फक्त ऑनलाईन आहे.

पंधरा दिवसांनी इंटरव्ह्यूचं पत्र आलं आणि घरात आनंद झाला. तो पत्राच्या चौथ्या ओळीपर्यंत टिकला. चौथ्या ओळीत लिहिलं होतं की विद्यार्थ्यासोबत पालकानं यावं, समितीला त्यांच्याशीही बोलायचं आहे. आता मेलेला पालक कुठून आणायचा? बापामागं मामाचा मान, ही आपली रीतच आहे. म्हणून सुलतानपूरचे किसनराव मामा आठवले. पण किसनराव बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवत आणि मे महिन्यात त्यांची एकही तारीख रिकामी नव्हती. जनकाबाईनं पुण्याला जायला साफ नकार दिला. मी गेली तं खरं सांगीन, म्हणाली. पोरीला एकटं पाठवायचं नाही हेही ठरलेलं. तेव्हा प्रसेनजितच्या सुपीक डोक्यातून तोडगा निघाला, की गुलाबरावांनीच किसनराव व्हावं. म्हणजे माणूस आधी मेला आणि मग स्वतःचाच साळा म्हणून जिवंत झाला. असला चमत्कार आमच्या जिल्ह्यात त्याआधी झाल्याचं ऐकिवात नाही.

मग तयारी सुरू झाली. रोज दिवस मावळला की प्रसेनजित बुलडाण्याहून मोटारसायकलवर येई, खुर्चीवर बसे आणि समिती होई. पाच वर्षांनी तू स्वतःला कुठं पाहतेस? तुझ्यातला सगळ्यात मोठा दोष कोणता? दोष सांगायचा तर असा सांगायचा की तो गुण वाटला पाहिजे, म्हणे मी फार मेहनत करते हाच माझा दोष. महामायानं एकदा विचारलं, की गेमबद्दल ते काय विचारतील? प्रसेनजित म्हणाला, तो भाग तू पाहून घे, महत्त्वाचं आधी करू. महत्त्वाचं म्हणजे रडणं. वडिलांचा विषय निघाला की मान खाली घालायची, मनात तीन मोजायचे आणि मग हळूच वर पाहायचं. एकावर पाहिलं तर घाई वाटते, पाचावर पाहिलं तर नाटक वाटतं. पोरीची मान दुखू लागली.

गुलाबरावांचीही तालीम झाली. त्यांना बायकोला ताई म्हणायचं होतं. ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा जनकाबाई ताट तसंच टाकून अंगणात निघून गेली. भाऊजींबद्दल विचारलं तर काय सांगायचं हे प्रसेनजितनं कागदावर लिहून दिलं, ‘फार कष्टाळू माणूस होता, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.’ गुलाबरावांनी ते पाठ केलं. स्वतःबद्दल एवढं चांगलं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं, त्यामुळे ते लवकर पाठ झालं.

पुण्याला एसटीनं पोहोचून दोघं संस्थेत गेले. काचेची इमारत, आत हिवाळा. बाहेरच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस पोरं बसली होती, त्यांच्या मांडीवर लॅपटॉप आणि कानात बोंडं. एका कोपऱ्यात आपल्याकडचा वाटावा असा एक मुलगा बसला होता, शेजारी पांढऱ्या टोपीतला माणूस. मुलगा मान खाली घालून ओठ हलवत होता, मग हळूच वर पाहत होता. महामायानं तिकडं पाहणं सोडून दिलं.

तिचं नाव पुकारलं गेलं. आत तिघं होते. पिकल्या केसांच्या एक मॅडम, टी-शर्ट घातलेले एक सर, आणि तिसरे नुसतेच टाईप करणारे. मॅडमचा आवाज इतका हळू होता की महामायाला आपण आजारी आहोत असं वाटू लागलं. पाणी हवंय का, प्रवास कसा झाला, घरी आता कोण कोण असतं, आई कशा आहेत. गेमबद्दल एक अक्षर नाही. तिचा लॅपटॉप पिशवीतच होता. मग मॅडमनी वडिलांचं विचारलं, आणि महामायानं मान खाली घातली, तीन मोजले, वर पाहिलं. टाईप करणाऱ्यांनी काहीतरी टाईप केलं. प्रसेनजितचा क्लास कामाला आला होता. तिला मात्र स्वतःची भयंकर लाज वाटली.

मग मामाला आत बोलावलं. गुलाबराव खुर्चीच्या टोकावर बसले. हॉस्टेल, मेस, सुट्ट्या, सगळं नीट झालं. शेवटी मॅडमनी चष्मा काढून विचारलं, की हिचे वडील, म्हणजे तुमचे भाऊजी, माणूस म्हणून कसे होते?

“फार कष्टाळू माणूस होता,” गुलाबराव म्हणाले. पाठ केलेलं तेवढंच आलं आणि ते थांबले. कागदावरचं पुढचं त्यांना आठवत नसावं असं महामायाला वाटलं. ती ओठांनी ‘अध्यात, मध्यात’ सुचवू लागली. पण ते तिच्याकडे पाहतच नव्हते.

“पण हेकट होता. पोरीनं हा गेम केला तवा पह्यले त्याले दाखवला. लहान पुडी पेरली नाही तं तिसऱ्या साली अळी येते, असं हाय त्यात. त्यानं तं दरसाल पुडी बांधावर फेकली होती. पोरगी खरं सांगून राह्यली हे त्याले तवाच समजलं होतं. पण पोरीनं बापाले शिकवावं हे काही सोसलं नाही. तिची ते मशीन आपटली त्यानं. मंग अळी आली. साऱ्या गावाले शिव्या देल्या, पण पोरीले एक दिवस म्हटलं नाही का तुह्यं खरं होतं. आता मेला तो. आता कसा म्हणते?”

महामायानं तीनही मोजले नाहीत आणि एकही मोजला नाही. तिला रडू आलं ते सरळ आलं, नाकाडोळ्यांतून, क्लासमध्ये शिकवलं होतं त्याहून कितीतरी घाणेरडं. दीड वर्ष तिला जे ऐकायचं होतं ते शेवटी आलं होतं, आणि आलं ते मामाच्या तोंडून, मेलेल्या माणसाच्या नावावर. ते तसंच सोडायचं आणि सीट घ्यायची? ते तिला जमलं नाही.

“मॅडम, हे माझे मामा नाहीत. हे माझे बाबा आहेत, गुलाबराव. ते मेलेले नाहीत.”

गुलाबरावांनी कपाळावर हात मारला. टाईप करणारे थांबले. मॅडमना मात्र म्हणावा तसा धक्का बसला नाही. त्यांनी समोरच्या गठ्ठ्यातून दोन अर्ज काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीत एकाच वाक्याखाली रेघ मारून ठेवली होती. पांढऱ्या सोन्यासाठी काळ्या मातीला कवटाळले.

“सकाळपासून हे तिसरे मामा,” मॅडम म्हणाल्या. आता त्यांचा आवाज साधा, माणसासारखा झाला होता. “आधीचे दोन छान रडले. आम्हाला संशय आहे, पण पुरावा नाही, आणि शोक करणाऱ्याकडे मृत्यूचा दाखला मागायचा धीर आमच्यात नाही. तुझ्या बाबतीत पुरावा तूच आणलास. तो खुर्चीवर बसलाय.”

मग नियम वाचला गेला. खोटी माहिती दिल्यास अर्ज रद्द. खोटं टिकवणाऱ्यांचे अर्ज जिवंत आणि खरं बोलणारीचा रद्द, इतका सरळ तो नियम. मॅडमनाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण नियमाला चेहरा नसतो. त्यांनी अर्जावर आडवी रेघ मारली.

तेव्हा टी-शर्टवाले सर पहिल्यांदा बोलले. अर्जाचं झालं, आता गेम तरी दाखव, म्हणाले. महामायानं नाक पुसलं, लॅपटॉप काढला, मोडकी बिजागरी हातानं धरून उभा केला. सरांनी मोठी थैली पेरली आणि लहान पुडी न पाहताच स्क्रीनच्या कडेला भिरकावली. दोन वर्षं कापूस मोजताना ते खूश होते. तिसऱ्या वर्षी बोंड फोडलं आणि त्यांचं तोंड उतरलं. हे असं का झालं ते गेम सांगत का नाही, असं त्यांनी जरा चिडूनच विचारलं.

“पुडीवर लिहेल असते साहेब,” गुलाबराव म्हणाले. “वाचत नाही आपण.”

सरांनी पुन्हा सुरू केलं. पुढच्या उमेदवाराची वेळ उलटून गेली तरी ते खेळतच होते, आणि मॅडम खुर्ची ओढून त्यांच्या खांद्यावरून पाहत होत्या. पुढच्या वर्षी स्वतः लिहिलेला निबंध पाठव, असं मॅडम निघताना म्हणाल्या. पण महामायाला पुढचं वर्ष कुठं होतं? तिला एकच खेप होती, आणि ती त्या आडव्या रेघेखाली संपली होती.

बाहेर फुटपाथवर आल्यावर गुलाबरावांचा राग सुटला.

“काऊन बोलली वं तू? अजून दहा मिंटं मेलेलो राह्यलो असतो तं काय बिघडलं असतं?”

“तुम्ही आत जे बोलले ते मले मामाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं,” महामाया म्हणाली. मग तिचाही बांध फुटला आणि तिनं सांगून टाकलं, की आता बोलवा त्या जिल्हा परिषदेवाल्याला, मी नाही म्हणणार नाही, खेप संपली.

गुलाबरावांना मेलेलं असताना जे सोपं गेलं होतं ते आता जिवंतपणी करायचं होतं. ओठ दोनदा हलले आणि दोनदा मिटले.

“तुह्यं खरं होतं,” ते शेवटी म्हणाले. “पुडी म्याच फेकली. अन् मशीन आपटली तेही चुकलंच माह्यं.”

महामायानं पिशवीवरूनच लॅपटॉपची मोडकी बिजागरी चाचपली.

“पुढच्या साली पुन्हा येऊ,” गुलाबराव म्हणाले. “निबंध तूच लिह्यजो. माह्याबद्दल जे हाय ते लिह्यजो, हेकट असं लिह्यलं तरी चालते. त्या देऊळगाववाल्याले मी सांगतो काय सांगायचं ते.”

“अन् पुढच्या साली नाही घेतलं तं?”

“तं त्याच्या पुढच्या साली,” असं म्हणून गुलाबरावांनी धोतर सावरलं आणि सिग्नल न पाहताच भर रस्त्यात पाऊल टाकलं. महामायानं दंड धरून त्यांना मागं ओढलं, एक बस अंगावरून जावी तशी जवळून गेली, आणि रस्ता मोकळा झाला तरी तिनं तो दंड सोडला नाही.